भिंगरी कधी गळते

"आज गळली!" घड्याळजी गॅरेजातून ओरडले. आवाजात दुःखापेक्षा विजयच जास्त होता.

"किती?" वरच्या खोलीतून शिलाई मशीन थांबलं आणि बायकोचा आवाज खाली आला.

"बशीएवढा डाग आहे."

"सकाळचा चहा सांडला असेल तुमचा."

"चहाला पेट्रोलचा वास येत नाही."

"तुम्ही केलेल्या चहाला येतो."

मशीन पुन्हा धावू लागलं. घड्याळजींनी गाडीखालचं वर्तमानपत्र अलगद ओढून काढलं, खिशातून घड्याळांचे भाग मोजायचा पितळी माप-काटा काढला आणि डाग आडवा-उभा मोजला. मग वहीत लिहिलं: बुधवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं, ऊन कडक, डाग एकशेचाळीस मिलिमीटर. आयुष्यभर सेकंदाचा हिशेब ठेवलेला माणूस. त्याच्या घरात थेंबसुद्धा नोंदीवाचून पडू शकत नव्हता.

भिंगरी म्हणजे त्यांची गाडी. पाठ फुगीर, नाक गोल, डोळे वाटोळे. सगळ्या गाड्यांच्या उलट तिचा संसार: पुढच्या झाकणाखाली पेट्रोलची टाकी आणि सामान, मागच्या झाकणाखाली इंजिन. इंजिनाला पाणी लागत नाही, रेडिएटर लागत नाही. वारा प्यायचा, वाऱ्यानेच निवायचं आणि धावत सुटायचं. चालू झाली की दोरीने भिंगरी फिरवल्यासारखी घुर्र करते, म्हणून लेकीने लहानपणी हे नाव ठेवलं, आणि ते गाडीच्या रंगापेक्षा टिकाऊ निघालं. रंग तीनदा बदलला. नाव तेच राहिलं.

अशी गुणाची गाडी गेले चार महिने गळत होती. रोज गळली असती तर बरं झालं असतं, रोजच्या दुखण्याला औषध असतं. ही आज बशीभर गळायची, मग आठ दिवस कोरडी ठणठणीत. पुन्हा एखाद्या दुपारी घरभर पेट्रोलचा वास. पहिल्या मेकॅनिकने पंप बदलला. दहा दिवस कोरडे गेले, घड्याळजींनी त्याला मिठाई नेऊन दिली, अकराव्या दिवशी डाग. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला. तिसऱ्याने इंजिनाजवळच्या सगळ्या नळ्या नव्या घातल्या. प्रत्येकाच्या दारात भिंगरी अशी शहाण्यासारखी उभी राहायची की जणू थेंब म्हणजे काय हे तिला ठाऊकच नाही. घरी दंगा आणि पाहुण्यांकडे हाताची घडी घालून बसणारी पोर जशी.

आणि आता दिवस उरले होते चार.

लेकीची बदली याच शहरात झाली होती. रविवारी ती तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती, वर्षभरासाठी. जावईबापू महिन्याने येणार होते. घरात मोकळी खोली एकच, ती गॅरेजच्या डोक्यावर. तिची लाकडी जमीन अशी की खाली शिंक आली तर वर "सावकाश" म्हणावं. मागच्या भेटीत लेक त्या खोलीत एक दुपार झोपली होती आणि पेट्रोलच्या वासाने डोकं धरून उठली होती. त्यावर तिने फोनवर स्वच्छ सांगितलं, "बाबा, गाडी नाहीतर बाळ असं मी म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतेयस?"

"गाडी नाहीतर बाळ."

शिवाय आई-बाबांचा धीर ऐन वेळी सुटेल म्हणून तिने स्वतःच गिऱ्हाईक ठरवून टाकलं होतं. काळा गॉगल लावणारे एक गृहस्थ. रविवारी अकरा वाजता ट्रक घेऊन येणार होते. भिंगरीचं इंजिन काढून, टप कापून, तिच्यात माती भरून एका हॉटेलच्या दर्शनी दालनात ते फुलझाडं लावणार होते.

"पिटुनिया," घड्याळजी दिवसातून चारदा म्हणत. "ज्या गाडीने घाट चढले, तिच्यात पिटुनिया!"

"फुलं काही वाईट नसतात," बायको म्हणायची, पण दोरा ओवताना तिचा हात चुकायचा. मग ती मशीनच्या तालावर काहीतरी जुळवून गुणगुणायची. या घरात ते नेहमीचंच होतं, भांडणसुद्धा अधूनमधून यमकात व्हायचं.

*भिंगरी माझी बाई, गळे थेंबाथेंबानं,*
*वैद्य झाले तीन, दुखणं लपे कोनाकोनानं.*

घड्याळजी खालून ठेका धरायचे, पान्याने, मडगार्डवर.

---

गुरुवारी सकाळी मिस्त्रीणबाई आली.

तिला आधीच बोलवायला हवं होतं हे घड्याळजींना कळत होतं, पण वळत नव्हतं. तिचा बाप त्यांचा मित्र आणि अशा गाड्यांचा खरा धन्वंतरी. तो गेल्यावर लेकीने कारखाना सांभाळला त्याला आता पंधरा वर्षं होत आली होती. पण घड्याळजींनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेली. नाकाला ग्रीस लावून फिरणाऱ्या त्या पोरीला आपली गाडी दाखवायची म्हणजे फारच झालं. शेवटी बायकोनेच परस्पर फोन केला.

मिस्त्रीणबाई दारात उभी राहिली ती एखाद्या पैलवानासारखी. बाह्या वर, केस फडक्यात बांधलेले, हातात अवजारांच्या पेटीऐवजी खडूच्या भुकटीचा डबा.

"काका, चौथी सून म्हणून बोलावलंत मला. आधीच्या तिघींनी काय काय मोडलं ते सांगा."

"मोडलं काही नाही. बदललं."

"तेच ते." तिने बूट काढावेत इतक्या शांतपणे सतरंजी पसरली आणि गाडीखाली शिरली. बराच वेळ नुसते तिचे पाय दिसत होते. पाय म्हणाले, "डाग कुठे पडतो?"

"मधोमध. थोडा मागे. म्हणून तर सगळे इंजिनाकडे बघतात."

"हं. आणि जमीन कुठे उतरते?"

घड्याळजींनी जमिनीकडे पाहिलं. चाळीस वर्षं ते या गॅरेजात येत-जात होते. जमीन उतरते हे त्यांच्या गुडघ्यांना माहीत होतं, वहीला माहीत नव्हतं.

"मागे उतरते काका. नाक वर, शेपूट खाली. पाण्याची बादली ओता, दाराशी जाईल. थेंब जिथे पडतो तिथे गळत असेलच असं नाही. डोळ्यातलं पाणी हनुवटीवरून पडतं, म्हणून हनुवटीला औषध लावतात का?"

ती बाहेर आली. घड्याळजींनी वही पुढे केली. पानावर पान, तारीख, वेळ, हवा, डागाची लांबी-रुंदी, किलोमीटर. मिस्त्रीणबाईने पानं उलटली आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"बाबा म्हणायचे, तुमचा मित्र उंदरांच्या फेऱ्यासुद्धा लिहून ठेवेल. बरं, शेवटचं पेट्रोल कधी भरलंत?"

याच प्रश्नाची घड्याळजी वाट पाहत होते. ते जरा ताठ झाले. "सात आठवड्यांपूर्वी."

"आणि फिरलात किती?"

"आठशे तीस किलोमीटर." त्यांनी आकडा पदकासारखा मिरवला. "इंजिनाचं टायमिंग मी स्वतः कानाने लावलंय. घड्याळाचा कान आहे माझा. कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला विश्वास ठेवत नाही, पण वही खोटं बोलत नाही."

गाडीत पेट्रोलचा काटा मुळातच नव्हता. टाकीत बुडवून बघायची एक लाकडी काठी होती, तिच्यावर खुणा कोरलेल्या. मिस्त्रीणबाईने पुढचं झाकण उचललं, टाकीचं तोंड उघडलं, काठी बुडवली, बाहेर काढली. मग तिने काठीकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं, आणि पुन्हा काठीकडे.

"काका, ही गाडी सात आठवडे धावतेय."

"हो."

"अधूनमधून खाली सांडतेय."

"हो ना."

"आणि टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली आहे." तिने काठी त्यांच्या नाकासमोर धरली. वरच्या खुणेपर्यंत लाकूड ओलं होतं. "टायमिंग चांगलं असलं तर पेट्रोल कमी लागेल. टाकीत त्याला पिल्लं होणार नाहीत."

तेवढ्यात दोघांचंही लक्ष दाराकडे गेलं. बायको तिथे उभी होती, खांद्यावर अर्धा शिवलेला पडदा, ओठांत सात-आठ टाचण्या धरलेल्या. तिला बोलता येत नव्हतं, पण कानाच्या पाळीपासून गळ्यापर्यंत ती लालेलाल झाली होती.

"अगं," घड्याळजी म्हणाले.

तिने एक टाचणी काढून पडद्याला खोचली. मग दुसरी. इतक्या सावकाश टाचण्या तिने जन्मात खोचल्या नव्हत्या. शेवटची खोचून झाली तेव्हा काही इलाज उरला नाही.

"मी भरते," ती म्हणाली.

"काय भरतेस?"

"पेट्रोल. पडदे पोचवायला गाडी नेते ना मी. येताना पंपावर भरून आणते."

"कधीपासून?"

"पुलापासून."

पूल म्हटल्यावर घड्याळजींनी मान खाली घातली. हिवाळ्यात एका सकाळी भिंगरी भर पुलावर बंद पडली होती, टाकी रिकामी. मागे गाड्यांची रांग, भोंग्यांचा गजर, आणि घड्याळजी हातात डबा घेऊन दुखऱ्या गुडघ्याने अर्धा कोस चालले होते. घरी आल्यावर त्यांनी तीन दिवस एकच वाक्य सांगितलं होतं, काठी वाकडी झाली आहे.

"काठी वाकडी नव्हती," बायको हळूच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी दारातून बघत होते. तुम्ही काठी खिडकीशी नेलीत, डोळा चोळलात, परत बघितलंत, आणि मग आपल्या मनानेच वहीत आकडा घातलात. डाव्या डोळ्याला ओलं-कोरडं दिसेना तुम्हाला. दुकानात दिवा असतो, भिंग असतं, तिथे निभतं. इथे निभत नाही. मग मी ठरवलं, हा माणूस पुन्हा पुलावर उभा राहता कामा नये. काठी काहीही दाखवो."

"म्हणजे तू मला आंधळा समजतेस."

"आंधळे असता तर तोंडावर सांगितलं असतं. तुम्ही हट्टी आहात. हट्ट्याला काय सांगणार?"

मिस्त्रीणबाईने खडूच्या डब्याचं झाकण उगाचच लावलं आणि उघडलं. "काकू, भरता तेव्हा किती भरता?"

"किती म्हणजे? भरायचं तर काठोकाठ. पंपवाला थांबला की मी म्हणते, अजून घाल."

हे खरंच होतं. ती उशा शिवायची तर कापूस असा ठासून भरायची की शिवण कण्हायची. पाहुण्याच्या कपातला चहा बशीत उतरल्याशिवाय तिला वाढल्यासारखं वाटत नसे.

घड्याळजींनी वही बंद केली, काखेत मारली आणि गॅरेजातून निघून गेले.

---

त्यांचं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला खिडकीएवढी जागा. भिंतीवर एकोणीस घड्याळं आणि प्रत्येकाची आपापली चाल. ते टेबलाशी बसले, दिवा लावला, उजव्या डोळ्याला भिंग चढवलं आणि एका मनगटी घड्याळाचं पोट उघडलं. केसाएवढी स्प्रिंग स्वच्छ दिसत होती. मग त्यांनी भिंग काढलं, उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. एकोणीस घड्याळं दुधात पडल्यासारखी दिसली.

आठशे तीस किलोमीटर. सगळ्या गल्लीला त्यांनी हा आकडा सांगितला होता. केशकर्तनवाल्याला तर दोनदा.

राग कुणाचा आला होता ते त्यांना नीट कळेना. बायकोचा म्हणावा तर तिने केलं काय? गुपचूप त्यांची टाकी भरली. जगात बायका गुपचूप काय काय करतात, ही पेट्रोल भरत होती. राग त्या काठीचा म्हणावा तर काठी सरळ होती.

दुपारी बायको ताट घेऊन आली. ठेवलं. उभी राहिली.

"मीठ कमी आहे आज," ते जेवायच्या आधीच म्हणाले.

"अजून झाकणसुद्धा काढलं नाही तुम्ही."

"अंदाजाने सांगतोय. आपल्या घरी अंदाजावरच चाललंय सगळं."

तिला हसू आलं. ते हसू पाहिलं आणि घड्याळजींच्या मनातली किल्ली उलगडली. मघापासून डोक्यात काहीतरी टिकटिकत होतं, रागाच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि वही उघडली.

"बस इथे. तू पेट्रोल भरलंस ते दिवस सांग."

"दिवस कुठे लक्षात असतात मला?"

"पडदे लक्षात असतात ना?"

पडदे तिला एकूण एक लक्षात होते. दातांच्या डॉक्टरांचे निळे, त्यांना झालर नको होती, तो सोमवार, कारण त्या दिवशी त्यांचा दवाखाना उशिरा उघडतो. घड्याळजींनी बोट फिरवलं: सोमवार, डाग, एकशेवीस मिलिमीटर. शाळेच्या नाटकाचा लाल मखमली पडदा, तो पोचवला आणि दोन दिवसांनी परीक्षा सुरू झाली. बोट फिरलं: डाग. नव्या लग्नाच्या जोडप्याचे पोपटी, जे तिने दोनदा उसवले. डाग. म्हातारीचे पांढरे. डाग. काल बुधवारी छापखान्याचे करडे. डाग.

दोघांच्या माना आता एकाच वहीवर वाकल्या होत्या. तिला पडदा आठवायचा, त्यांना तारीख सापडायची. जणू एकाने ओवी उचलावी आणि दुसऱ्याने ती पुरी करावी.

"म्हणजे मीच गळवत होते की काय तिला?"

"थांब. बँकेचे ते जाड पडदे कधी दिलेस?"

"महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी. तेव्हाही भरलं होतं, अगदी झाकणाला लागेपर्यंत."

घड्याळजींनी दोनदा पाहिलं. त्या शुक्रवारी वर्तमानपत्र कोरडं. त्यांचा चेहरा पडला, सगळी माळ एका मण्यापाशी तुटत होती. मग नजर सरकून हवेच्या रकान्यावर गेली. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: दिवसभर आभाळ, गारवा.

ते उठले. ताट तसंच. चप्पल एकच पायात.

"कुठे निघालात?"

"मिस्त्रीणबाईकडे! काठोकाठ टाकी आणि वर ऊन! दोन्ही लागतं तिला! एक असून भागत नाही!"

"अहो, दुसरी चप्पल!"

---

शुक्रवारी सकाळी भिंगरीला मुद्दाम पंपावर नेलं. बायको स्वतः नळी धरून उभी राहिली आणि पंपवाला थांबताच तिने नेहमीच्या सुरात म्हटलं, "अजून घाल." या वेळी नवऱ्यासमोर, उघड, आणि त्याच्या परवानगीने. त्याचा तिला कोण आनंद.

मग गाडी गॅरेजात, नाक वर, शेपूट खाली. मिस्त्रीणबाईने पोटाखालच्या साऱ्या पत्र्यावर खडूची भुकटी फुंकली, तीट-पावडर लावून बाळ सजवावं तशी. दोन्ही दारं सताड उघडली.

"दिवा लावायचा नाही. बटणाला हात नाही. काका, एखादा पितळी लायटर कुणाकडून दुरुस्तीला आला असेल तर तोही घरात ठेवून या."

तिघं बाहेर उलट्या खोक्यांवर बसले. बारा वाजले. गॅरेजच्या दारांचा पत्रा तापून कडकड करू लागला. एक वाजला. मिस्त्रीणबाईने आपल्या बापाच्या गोष्टी सांगितल्या, बायकोने मिस्त्रीणबाईच्या फ्रॉकच्या. तो तिनेच शिवला होता आणि त्यावरचा ग्रीसचा डाग कधीच गेला नाही.

"जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल," मिस्त्रीणबाई सांगत होती, "उन्हात तापलं की फुगतं. टाकीत जागा असली तर बिचारं गुमान बसतं. जागा नसली तर वाट शोधतं. माणसासारखंच आहे."

दीड वाजता आधी वास आला. बारीक, गोडसर, नाकाच्या टोकाला. मग तिघं एकदम गुडघ्यावर, सतरंजीवर, तीन डोकी एका पत्र्याखाली. पांढऱ्या भुकटीवर एक ओली रेघ उतरत होती. इंजिनाकडून नव्हे. पुढून, टाकीच्या बाजूने. ती पत्र्याच्या कडेने सावकाश मागे चालत आली, मधोमध थांबली, जाडी झाली आणि टप्पकन पडली.

"आलीस का गं बाई," बायको म्हणाली, हरवलेल्या वासराला म्हणावं तसं.

तिघांनी मिळून गाडी बाहेर सावलीत ढकलली. मिस्त्रीणबाईने टाकीतलं थोडं पेट्रोल डब्यात उतरवून घेतलं, पुढचं झाकण उघडलं, सामानामागचा पुठ्ठा काढला आणि टाकीच्या डोक्यावर हात घातला. तिथे बोटभर लांबीची एक रबरी नळी होती, टाकीला श्वास घेता यावा म्हणून ठेवलेली. तिच्यातून पेट्रोल कधी जायचंच नसतं, म्हणून तिच्याकडे कधी कुणी बघायचंच नसतं.

"नळी तर धड दिसतेय," मिस्त्रीणबाईने ती काढून फिरवून पाहिली. "काळी, गुळगुळीत. चीर नाही, भोक नाही." तिच्या कपाळाला आठी पडली.

"आण इकडे," घड्याळजी म्हणाले.

त्यांनी ती दुकानात नेली, दिव्याखाली धरली, उजव्या डोळ्यावर भिंग चढवलं आणि एखाद्या छोट्या जिवाला हाताळावं तशी ती नळी वाकवली. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला काही नाही. तिसरीकडे वाकवली आणि रबराने ओठ उघडले. केसाहून बारीक चीर, सरळ असताना मिटलेली, वाकली की उघडी. गाडीत ती वाकवूनच बसवलेली होती.

"बघ," त्यांनी भिंग मिस्त्रीणबाईला दिलं.

तिने पाहिलं आणि शीळ घातली. "काका, हे मला सात जन्मांत दिसलं नसतं."

"एक डोळा आहे अजून," घड्याळजी म्हणाले. मग जरा थांबून बायकोकडे वळले. "दुसऱ्याचं काय ते सोमवारी दाखवून येऊ. तू चल बरोबर. ते काय सांगतील ते मी घरी आल्यावर बदलून सांगेन, म्हणून."

---

शनिवारी नवी नळी बसली. पुन्हा काठोकाठ टाकी, पुन्हा भर दुपार, पुन्हा तापलेला पत्रा. वर्तमानपत्र कोरडं राहिलं. घड्याळजींनी ते नाकाला लावून पाहिलं, बायकोने लावून पाहिलं. शाईचा वास येत होता. पण निकाल त्यांच्या नाकाचा नव्हता.

रविवारी साडेदहाला लेक आली. छातीशी बाळ, खांद्याला तीन पिशव्या, आणि मागून वीस मिनिटांनी गॉगलवाल्यांचा ट्रक. गृहस्थ सज्जन होते, बाळाकडे बघून त्यांनी गॉगलसुद्धा काढला. सोबत फुलझाडांचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं.

लेकीने बाळ आईकडे दिलं. "बाबा, टाकीत किती आहे?"

"काठोकाठ."

"उभी कशी आहे?"

"नाक वर."

"दारं लावा. मी आत जाते."

दारं लागली. बाहेर दोघं म्हातारी परीक्षेच्या वर्गाबाहेर थांबलेल्या आईबापांसारखी उभी. पाच मिनिटं झाली. पत्रा कडकडला. दहा झाली. गॉगलवाले पुस्तकातली पानं उलटत राहिले. घड्याळजींनी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाकडे बघायचं टाळलं.

दार उघडलं. लेकीच्या कोपराला धूळ होती, म्हणजे ती गाडीखालीही जाऊन आली होती.

"वास येतोय," ती म्हणाली.

बायकोचा हात घड्याळजींच्या दंडावर आवळला.

"रबराचा. जुन्या सीटचा. आणि बाबांच्या डोक्याच्या तेलाचा, तो तर या गाडीतून देवसुद्धा काढू शकणार नाही." ती गॉगलवाल्यांकडे वळली. "दादा, तुम्हाला उगीच तंगडतोड झाली. पण ही अजून कुंडी व्हायची नाही."

ते क्षणभर हिरमुसले, मग हसले. "मला वाटलंच. इतकी पुसलेली गाडी कुणी विकत नसतं."

"पण अटी आहेत," लेक बापाला म्हणाली. "मिस्त्रीणताई दर महिन्याला येऊन बघेल. टाकी पाऊण, त्यावर थेंब नाही. आई, ऐकतेयस ना? पाऊण."

"पाऊण म्हणजे अर्धपोटी," आई पुटपुटली, "पण बरं."

आणि इतका वेळ आजीच्या खांद्यावर शहाण्यासारखं पडलेलं बाळ तेवढ्यात रडू लागलं. साधं रडणं नव्हे. प्रवासाचा शीण, नवी जागा, नवी माणसं, सगळ्यांचा एकदम निषेध. वरच्या खोलीत नेलं तर अजून जोरात. पाळण्यात, मांडीवर, खिडकीपाशी, कुठेच थारा नाही. आजीने दोन अंगाई म्हटल्या, बाळाने दोन्ही आपल्या आवाजात बुडवल्या. घड्याळजींनी एकोणीस घड्याळांचे टोले ऐकवले, तो तर मोठाच अपराध ठरला.

"गाडी काढ," शेवटी घड्याळजी बायकोला म्हणाले.

"मी?"

"मग कोण? सोमवारपर्यंत माझ्या डाव्या डोळ्यावर माझाच भरवसा नाही."

बायको चाकाशी बसली. लेक मागे, मांडीवर बाळ, तिच्याशेजारी घड्याळजी. किल्ली फिरली आणि भिंगरीने घुर्र केलं, तोच तो पत्र्याच्या पोटातून येणारा, वारा घुसळणारा आवाज. बाळाने रडणं मध्येच सोडलं. डोळे मोठे केले. जणू कुणीतरी ओळखीचं बोललं. कोपऱ्यापर्यंत पापण्या जड झाल्या, छापखान्यापाशी मिटल्या.

"झोपलं," लेक कुजबुजली. "आई, घरी वळव."

घरापाशी येऊन इंजिन बंद केलं. एक श्वास, दोन श्वास, आणि बाळाचा ओठ थरथरला.

"चालू कर, चालू कर!"

दुसरी फेरी. गल्लीच्या तोंडाशी गॉगलवाले ट्रक वळवायला झगडत होते. भिंगरीला वाट द्यायला त्यांनी ट्रक मागे घेतला. तिसऱ्या फेरीला ट्रक अर्धा वळला होता, तो पुन्हा सरळ करावा लागला. केशकर्तनवाला दारात येऊन उभा राहिला.

"काय घड्याळजी, आज किती किलोमीटर?"

"बायकोला विचारा!" घड्याळजी खिडकीतून दबक्या आवाजात ओरडले, बोट ओठांवर ठेवून. "गाडी तिची आहे!"

चौथ्या फेरीला लेकीचंही डोकं बापाच्या खांद्यावर टेकलं होतं, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशीच. बायकोने आरशात पाहिलं.

"आता कुठे नेऊ?"

"कुठे नको," घड्याळजी म्हणाले. "नुसती चालव."